ओटीपीकाका

छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या कुठल्याही गल्लीत दोन गोष्टी हमखास सापडतात. एक पाण्याचा टँकर, दुसरे ओटीपीकाका. हे वाळूजच्या कारखान्यातून नाहीतर एखाद्या बँकेतून निवृत्त झालेले असतात. मुलगा न्यू जर्सीत, पुतणी डॅलसला, भाचा सिडनीत. इतरांच्या घरी रात्री अडीचला फोन वाजला की कुणीतरी गेलं असं समजतात. काकांच्या घरी वाजला की कुणीतरी येणार असतं.

"काका, झोपला होतात का?"

"छे रे, बोल."

"तुमच्या कार्डावरून तिकीट काढतोय. ओटीपी आला का?"

"थांब, चष्मा शोधतो."

"काका, वेळ संपत आलाय!"

"हं, घे. एकोणऐंशी, त्रेसष्ट..."

पलीकडे शांतता. पुतण्या न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वाढलेला. त्याचं 'एकोणऐंशी' बेरीज-वजाबाकी करून ऐंशीच्या अलीकडे पोहोचेपर्यंत ओटीपी बाद झालेला असतो.

नेवार्क ते मुंबई हे तिकीट त्याच पुतण्याने दुपारी जेवता जेवता फोनवर काढलेलं असतं. घोडं पेंड खातं ते पुढच्या छोट्या टप्प्यावर. छोट्या विमान कंपनीच्या संकेतस्थळाला अमेरिकेचं कार्ड पचत नाही. पत्त्यात राज्य विचारतात, तर यादीत आंध्र प्रदेश ते पश्चिम बंगाल, न्यू जर्सी कुठेच नाही. पिनकोड सहा आकडी हवा, अमेरिकेचा पाच आकडी. मोबाइल दहा आकडी आणि भारतातलाच. मग पुतण्या काकांचं कार्ड, काकांचा नंबर आणि ४३१००३ हा सिडकोचा पिनकोड टाकून कागदोपत्री काकांच्याच घरी राहायला येतो. इंटरनेटवरच्या कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २००९ सालचा. तेव्हापासून काकांची झोप राष्ट्रीय सुरक्षा यंत्रणेचा भाग झाली आहे.

काकांचा अभ्यास मात्र दांडगा. गावाचं औरंगाबाद हे नाव २०२३ मध्ये बदललं, तेव्हा शोधताना जुनं टाकायचं की नवं, या वादात ते पडत नाहीत. "आयएक्सयू टाक," एवढंच सांगतात. चिकलठाणा विमानतळाचं हे सांकेतिक नाव त्यांना आधार क्रमांकापेक्षा जास्त पाठ आहे.

बंद पडलेल्या विमान कंपन्यांच्या तिथ्याही ते पितृपक्षातल्यासारख्या सांभाळतात. वायुदूत, जन्म १९८१. जेट एअरवेज, १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटचं उड्डाण. ट्रूजेटवर त्यांचा विशेष जीव. हैदराबादची ही छोटी कंपनी औरंगाबादेत एटीआर विमान आणायची, तेलुगू नट राम चरण तिचा चेहरा. २७ एप्रिल २०१७ ला 'उडान' योजनेची पहिली विमानं उडाली, त्यांत तिचं नांदेड-हैदराबादही होतं. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागा अडीच हजारांत! काका तो आकडा अजून सोन्याच्या जुन्या भावासारखा सांगतात. २०२२ मध्ये तीही थांबली. "आपल्याकडे विमान येतं तेव्हा पेढे वाटायचे, पण परतीचं तिकीट काढायची घाई करायची नाही," हा त्यांचा तेव्हापासूनचा सल्ला.

सध्या त्यांची नजर जळगावावर आहे. तिथे येणारी गोव्याची विमान कंपनी फ्लाय९१ मार्च २०२४ पासून उडते आहे. तिच्या नावातला ९१ म्हणजे भारताचा फोन कोड, आणि तिचा 'आयसी' हा संकेत पूर्वी इंडियन एअरलाइन्सचा होता, हे काका भेटेल त्याला सांगतात. "गोव्याला उतर, जळगावला ये, वाटेत अजिंठा बघ," असा बेत ते सिडनीच्या भाच्यापुढे मांडतात. भाच्याला फक्त आईच्या हातची थालीपीठं हवी असतात.

शेवटचा अंक सामानाचा. अमेरिकेहून तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा येतात. देशातल्या विमानात बहुधा पंधरा किलो मोफत. उरलेल्या एकतीस किलोंचा हिशेब काका पाकिटाच्या पाठीवर मांडतात, आणि त्यात टॅक्सीचं भाडं निघतं हे आधी काकूंच्या लक्षात येतं. "समृद्धी महामार्ग कशाला बांधलाय मग?" त्या विचारतात. ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून काकांकडे या प्रश्नाला उत्तर नाही. तरीही ते विमानच शोधतात. विमानतळावर घ्यायला जाण्याची शान टॅक्सीच्या पाहुण्याला फाटकात उभं राहून घेण्यात नसते.

तेव्हा परदेशस्थ पुतण्या-भाच्यांना विनंती. तिकिटावर नाव पासपोर्टात आहे तसंच लिहा, वडिलांच्या नावासकट. दोन तिकिटं वेगळी असतील, तर मधे चांगला रात्रभराचा वेळ ठेवा. पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरं तुमच्यासाठी थांबणार नाही. आणि ओटीपी मागण्याआधी घड्याळ बघा. हिवाळ्यात न्यू जर्सीत दुपारचे चार वाजतात, तेव्हा सिडकोत रात्रीचे अडीच वाजलेले असतात.