टाळकरी गेला कुठे?
(घरचा अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच दुरुस्त करायला निघालेल्यांसाठी)

साहित्य: एका बाजूने मुका झालेला अ‍ॅम्प्लिफायर, मल्टीमीटर, स्क्रूड्रायव्हर, आणि सल्ला देणारी किमान तीन माणसे. शेवटची वस्तू विकत आणावी लागत नाही.

पायरी 1. रोग आहे का, ते पाहा. आमच्याकडे भजनाची एक सीडी आहे. तिच्यात टाळ डावीकडे, पखवाज उजवीकडे. परवा आजीने विचारले, "टाळकरी जेवायला गेला काय रे?" डावे चॅनेल गेल्याचे निदान यापेक्षा नेमके होत नाही. जुनी मोनो गाणी लावाल तर दोन्हीकडे तेच वाजते, मग महिनोन्महिने पत्ता लागत नाही. बॅलन्सचे बटण मधोमध आहे ना, तेही बघा. फडके मारणाऱ्या हाताला डावे-उजवे नसते.

पायरी 2. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून मागच्या स्पीकरच्या वायरींची डावी-उजवी अदलाबदल करा. मुकेपणा दुसऱ्या स्पीकरवर गेला तर स्पीकर निर्दोष. जागचा हलला नाही तर स्पीकर किंवा त्याची वायर दोषी. वायरी पूर्ववत करा. आता प्लेअरकडून येणाऱ्या लाल आणि पांढऱ्या पिनांची अदलाबदल करा. मुकेपणा सरकला तर दोष बाहेरून येतोय. ठाम राहिला तर अ‍ॅम्प्लिफायरच गुन्हेगार.

पायरी 3. एका वेळी एकच जोडी बदला. गेल्या दिवाळीत आम्ही वेळ वाचवायला दोन्ही जोड्या एकदम बदलल्या. डावा स्पीकर तसाच मुका. सर्वांनी एकमताने त्याला दोषी ठरवले आणि आम्ही नेवासा फाट्यावरून नवा आणला. तोही मुका! दोष निघाला पिनेच्या वायरीत. पुढे अदलाबदल, मागेही अदलाबदल, म्हणून तो फिरून पुन्हा डावीकडेच आला होता. आमच्या नेवाशात 1290 साली ज्ञानेश्वर माउलींनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. नऊ हजारांवर ओव्या, मध्ये एकही पिन नाही. आमची वायर हातभर होती.

पायरी 4. न उघडता होणारे उपचार. बंद अवस्थेत व्हॉल्यूमचे बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा. एरवी चालू असताना ते फिरवल्यावर स्पीकरमध्ये खरखर येत असेल तर आतल्या कार्बनच्या पट्टीवर मळ बसलाय. बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये चालू केल्यावर काही सेकंदांनी "टक" होते. तो रिले. आवाज बराच मोठा केल्यावर गेलेली बाजू एकदम जागी होत असेल, तर संशय त्याच्या काळवंडलेल्या कॉन्टॅक्टवर घ्या. सल्लागार या टप्प्यावर डोक्यावर थाप मारायला सांगतील. अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर, असे ते गृहीत धरतात.

पायरी 5. उघडलेच तर. प्लग काढा. तरीही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज मुरलेली असते. मीटरने व्होल्ट उतरल्याची खात्री होईपर्यंत हात खिशात. फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर जाड तार घालू नका, 100 वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा. तो भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. तिथेच थांबा आणि कारागिराकडे जा.

नवशिक्याच्या सोयीची गोष्ट अशी की शेजारचे चॅनेल ठणठणीत आहे. त्याच सर्किटची ती उत्तरपत्रिका. प्लग काढलेलाच ठेवून दोन्हीकडच्या त्याच त्या जागांचे रेझिस्टन्स मोजा आणि पेपर ताडून पाहा. जिथे आकडे जुळत नाहीत, तिथे भिंग धरा. आम्हाला एका पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसली: सुटलेला डाक. सोल्डर गनचा एक चटका पुरला.

पायरी 6. स्पीकर लगेच जोडू नका. चालू करून आउटपुटवर डीसी मोजा. पन्नासेक मिलिव्होल्टच्या आत असले तर ठीक. व्होल्ट दिसले तर स्पीकरच्या आतली कॉइल जळेल. आमच्याकडे बारा मिलिव्होल्ट आले.

सीडी लावली. आजी देवघरातून म्हणाली, "आला का जेवून?"