48 पैकी 48, बोर्डात पहिला!

मतदान केलं नाही तर बँक खात्यातून 350 रुपये कापणार, हा निरोप तुम्हाला आला नसेल, तर तुम्ही एकतर निवडणूक आयुक्त आहात किंवा एकाही फॅमिली ग्रुपमध्ये नाही. खातं नसलेल्यांचे पैसे म्हणे मोबाइलच्या रिचार्जमधून वळते होणार. सरकारच्या खऱ्या योजनांत इतका बारीक विचार केलेला आमच्या पाहण्यात नाही.

2019 च्या होळीला एका हिंदी दैनिकानं गंमत म्हणून ही बातमी छापली होती. होळी विझली, बातमी विझली नाही. निवडणूक आयोगानं खुलासे केले, तरी 2024 ला स्वारी पुन्हा हजर. खुलासा मात्र कुणी कुणाला फॉरवर्ड केल्याचं ऐकिवात नाही.

याहून वाईट तो ‘चॅलेंज व्होट’वाला निरोप. यादीत नाव नसलं तरी आधार दाखवा आणि चॅलेंज व्होट मागा, म्हणे! नियमात चॅलेंज आहे. पण तो उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीनं, समोरचा मतदार तोतया आहे म्हणून, दोन रुपये रोख भरून द्यायचा असतो. यादीत नाव नाही, तर मत नाही. हा निरोप वाचून गेलेला माणूस केंद्राध्यक्षांशी भांडतो, उन्हातून परत येतो आणि पुढच्या निवडणुकीला घरीच बसतो.

हे थांबवायचं कुणी? समाजमाध्यम कंपन्या म्हणतात, आम्ही केवळ मध्यस्थ. व्हॉट्सॲपचं एक वेळ ऐकून घेऊ. निरोप कुलूपबंद, त्यांना वाचता येत नाही. तरी बऱ्याच हातांतून आलेल्या निरोपाला ते दोन बाण लावतात आणि 2020 पासून तो एका वेळी एकाच चॅटमध्ये ढकलता येतो. आमच्या काकांनी यावर उपाय शोधलाय. ते कॉपी-पेस्ट करतात.

पण यूट्यूबच्या जाहिरातींना कुठलं कुलूप? 2024 च्या लोकसभेआधी ॲक्सेस नाऊ आणि ग्लोबल विटनेस या संस्थांनी परीक्षा म्हणून इंग्रजी, हिंदी आणि तेलुगूत 48 खोट्या जाहिराती पाठवल्या. मतदानाचं वय बदललंय, एसएमएस करून मत द्या, असल्या. 48 च्या 48 पास! (मराठीचा पेपरच नव्हता, त्यामुळे आपला निकाल राखून ठेवलाय.) त्या झळकण्याआधी संस्थांनीच मागे घेतल्या. त्यावर कंपनीचं उत्तर असं, की एकही जाहिरात चाललेली नाही आणि मंजुरीनंतरही आमच्याकडे तपासणीचे टप्पे असतात. असतील. पण 2022 मध्ये अमेरिकेतल्या निवडणुकीआधी ग्लोबल विटनेसनं तसाच खोटा माल नेला, तेव्हा यूट्यूबनं सगळा नाकारला आणि वर चॅनेलही बंद केलं. म्हणजे चाळणी आहे. तिला भारताचा व्हिसा मिळाला नसावा.

2019 मध्ये कंपन्यांनी आयोगाला स्वेच्छेची आचारसंहिताही लिहून दिली. मतदानाआधीच्या 48 तासांत प्रचारबंदी मोडणारा मजकूर आयोगानं कळवला, की तीन तासांत कारवाई. शोधायचं आयोगानं, कळवायचंही आयोगानं. तेवढ्या वेळात निरोप नांदेडहून न्यू जर्सीला जाऊन, तिथल्या मावशीकडून ‘खरं आहे का गं?’ असा परतही येतो.

तेव्हा कंपनी सरकार, अर्ज एवढाच: ज्या भाषेत जाहिरातीचे पैसे घेता, ती भाषा वाचता येणारी माणसं निवडणुकीपुरती तरी नेमा, आणि किती नेमली तो आकडा मतदानाआधी जाहीर करा.