पाचव्या रांगेतला पांडुरंग

शाळेच्या गॅदरिंगमध्ये आमच्या नातवाला विठोबाचं काम मिळालं, तेव्हा पेढे वाटावेत की देव पाण्यात घालून बसावं, हेच घरात कोणाला कळेना. पुंडलिकाने भिरकावलेल्या विटेवर पांडुरंग अठ्ठावीस युगं उभा आहे म्हणतात. आमचं कार्टं दोन घास एका जागी बसून गिळत नाही. आणि दिंडीच्या त्या नाचात त्याला काम एकच होतं. हलायचं नाही.

तालमीची जबाबदारी अर्थातच मी ओढवून घेतली. सोसायटीत भिंतीचं काम चाललं होतं तिथून वीट उचलून आणली, हॉलमध्ये मांडली आणि 'पाय असे जुळवायचे, कोपरं अशी काढायची' हे दाखवायला स्वतःच वर चढलो, तर वीट लादीवरून सरकली, मी टीपॉयवर गेलो, टीपॉय चहाच्या ट्रेवर गेला आणि चहा हिच्या नव्या बेडशीटच्या घड्यांवर. नातू तेवढा वेळ डोळे विस्फारून अगदी निश्चल उभा होता. मग म्हणाला, "आबा, परत पड ना!"

पुढे शाळेत जाऊन मी बाईंना समजावलं की पंढरपुरात रुक्मिणीमाता रुसलेली, तिचा गाभारा वेगळा, तेव्हा तिला विठोबाला खेटून उभी करणं काही बरोबर नाही. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नंतर सूनबाईला फोन केला.

कार्यक्रम बालगंधर्व रंगमंदिरात होता. तिथे मी १९६८ साली ते उघडलं तेव्हापासून नाटकं बघत आलोय, आणि तिसऱ्या घंटेनंतर गप्प बसावं, हे शेजारच्यांना सुनावण्यातच माझी हयात गेली आहे. पडदा वर गेला. थर्माकोलची वीट, सेफ्टीपिनांच्या भरवशावरचा पीतांबर, पुठ्ठ्याची मकरकुंडलं, काळंभोर रंगवलेलं तोंड आणि रंगवायचे राहून गेलेले दोन गोरे कान. माझा घसा दाटून आला.

दिंडी आली, टाळ वाजू लागले, तोच एक कुंडल सुटून गालावर लोंबायला लागलं, विठोबाची नाकपुडी थरथरली, डावं कोपर जरासं सैल झालं, आणि मी कधी उठलो, कधी पाय जुळवले, कधी माझेच हात कमरेवर गेले, देवाशपथ सांगतो, मला कळलं नाही. त्याने मला पाहिलं. कोपर जागेवर गेलं.

आता बसायची चोरी. मी बसलो की देव हलणार! ही सदरा ओढतेय, चिरंजीव मान खाली घालून बसलेत, मागून आवाज आला, "ओ आजोबा, दर्शन झालं, बसा आता!" पण अख्खा अभंग संपेपर्यंत सभागृहात दोन विठोबा उभे होते. टाळ्या पडल्या, नेमक्या कोणाला, ते मी विचारलं नाही. पडदा पडता पडता वरच्या विठोबाने नाक खाजवून घेतलं, दोन्ही हातांनी.

मागच्या रांगांतल्या तमाम पालकांच्या मोबाइलमध्ये माझा पाठमोरा सदरा आहे, असं ऐकतो. तुम्ही पुढच्या चार रांगांत बसला असाल, तर व्हिडिओ तेवढा पाठवा. आमच्या घरी कोणाकडेच नाही. शूटिंगचं काम माझ्याकडे होतं.