बॅटरी गेली, वॉरंटी चिरायू होवो!

प्रति,
मा. व्यवस्थापक, वॉरंटी व परतावा खाते (असं खातं आपल्याकडे असल्यास),
मोटारींच्या बॅटऱ्यांचे एक नामांकित दुकान, काकी बुकित, सिंगापूर.

विषय : आपल्या वॉरंटीच्या उत्तम प्रकृतीबद्दल जाहीर अभिनंदन.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण विकलेली बॅटरी गेली. तिच्यासोबत दिलेली 12 महिन्यांची वॉरंटी मात्र ठणठणीत आहे. अंगावर एक ओरखडा नाही, कारण तिला आपण कुणाला हातच लावू दिलेला नाही. शिसं आणि आम्ल यांची ही जोडी गास्तों प्लांते या फ्रेंच गृहस्थाने 1859 मध्ये जमवली. तेव्हापासून जगभरचे कारखानदार बॅटरी जास्त कशी टिकेल याच्या मागे आहेत. बॅटरीपेक्षा वॉरंटी जास्त टिकवून दाखवण्याचा मान आपला.

आधी आपल्या तत्परतेबद्दल लिहितो, नाहीतर या माणसाला नुसत्या तक्रारीच सुचतात असं आपल्याला वाटायचं. बुओना व्हिस्टाला, घिम मोहच्या बहुमजली पार्किंगमध्ये माझी जुनी बॅटरी बसली, त्या दिवशी मी व्हॉट्सॲपवर आपल्याला एक ओळ टाकली आणि घरात चहा गाळून होतोय तोवर आपली व्हॅन हजर. पोरगं चुणचुणीत. सोडवताना आधी काळी वायर, मग लाल. जोडताना आधी लाल, मग काळी. अगदी शिस्तीत. पैसे घेतले, जुनी बॅटरी उचलून व्हॅनमध्ये टाकली, नवीवर विक्रीचा महिना टोचला आणि ‘नो वरी अंकल, वन इयर वॉरंटी’ म्हणून गेला. त्या पोराविरुद्ध माझं काहीही म्हणणं नाही. वॉरंटी ही फक्त द्यायची वस्तू आहे हे त्याला कुणी सांगितलं नसणार.

सातवा महिना लागला आणि बॅटरीने मान टाकली. सेल्फ मारला की नुसतं टक् टक् टक्. सातव्या महिन्याचं आमच्याकडे कौतुक. डोहाळजेवण घालतात, फुलांची वाडी भरतात. सिंगापुरात चिनी पंचांगाचा सातवा महिना भुकेल्या पितरांचा. इमारतींखाली उदबत्त्या लागतात, नैवेद्य मांडतात आणि रात्री गेताई या गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमात खुर्च्यांची पहिली रांग न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी रिकामी ठेवतात. आपल्या धंद्यात या महिन्याचं माहात्म्य तिसरंच आहे. इथल्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘लेमन लॉ’ म्हणून ओळखली जाणारी कलमं 1 सप्टेंबर 2012 पासून लागू आहेत. माल हातात पडल्यापासून 6 महिन्यांत दोष दिसला, तर तो पहिल्यापासूनच होता असं धरून चालायचं. नव्हता हे सिद्ध करायचं काम दुकानदाराचं. 6 महिने उलटले की तेच ओझं उचलून गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. माझ्या बॅटरीला हे कलम तोंडपाठ असावं.

तरी म्हटलं, कायदा राहू दे, आपली वॉरंटी 12 महिन्यांची आहे. त्याच व्हॉट्सॲप नंबरवर तशीच एक ओळ टाकली. फक्त ‘नवी बॅटरी हवी’च्या जागी ‘क्लेम’ असा शब्द होता. तेवढ्याने व्हॅन कुठे गडप झाली देव जाणे. चहा झाला, जेवण झालं, दुपारची झोप झाली. संध्याकाळी उत्तर आलं : ‘क्लेम मस्ट ब्रिंग कार टू शॉप, अंकल.’

आता याच्यात आपली जी बुद्धी दिसते तिला मी मनापासून दाद देतो. गाडी सुरू होत नाही ही तक्रार. आणि तक्रार नोंदवायची तर गाडी सुरू करून आणायची. शेजाऱ्याकडून जम्प घ्यायचा, पीआयई हा हमरस्ता धरायचा आणि बेटाच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगाला जायचं. त्या सगळ्या वाटेवर अल्टरनेटर 14 व्होल्टने बॅटरीत जीव ओतत असतो. आपल्या दारात पोचेपर्यंत ती अशी टवटवीत होते की आपला टेस्टर लावताच चिठ्ठी बाहेर येते : ‘गुड. रिचार्ज.’ मयत स्वतःच्या पायाने स्मशानात आलं, सबब ते जिवंत आहे, असा हा न्याय. (बॅटरी काढून एमआरटी मेट्रोने आणावी असंही मनात आलं होतं. पण जिथे ड्युरियन न्यायला बंदी आहे, तिथे सल्फ्युरिक आम्लाचं विचारायचा धीर झाला नाही.)

टेस्टरबद्दल दोन शब्द लिहिणं भाग आहे. आपण तो देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा पुसूनपुसून ठेवता, पण चार्ज होऊन आलेल्या बॅटरीला लगेच चिमटे लावले की आकडा फुगतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पट्ट्यांवर वरवरचा चार्ज असतो. बॅटरी काही तास स्वस्थ ठेवायची, किंवा थोडा वेळ हेडलाइट लावून तो फुगवटा उतरवायचा आणि मग मोजायचं, हे पुण्याच्या शनिवार पेठेतला कुठलाही जुना ऑटो इलेक्ट्रिशियन सांगेल. विसावलेली, भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या वर असते, 12.4 म्हणजे पाऊण भरलेली. 12 म्हणजे जवळपास रिकामी. मी ती चार्जरवर पूर्ण भरून, दोन्ही वायरी सोडवून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी माझ्या मीटरवर 11.8. म्हणजे कुणीही काही न घेता ती आतल्या आत उतरत होती. हा आकडा फोटोसकट दाखवला तर आपल्या काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, ‘युवर मीटर, अंकल. नॉट अवर मीटर.’ मीटरलाही गोत्र असतं हे तेव्हा कळलं.

मग उलटतपासणी. डॅशबोर्डवर कॅमेरा आहे? तो पार्किंगमध्ये चालू राहतो? म्हणजे तोच बॅटरी पितो. नसेल तर ओबीयू बसवलंय? आता ईआरपीसाठी, म्हणजे रस्त्याच्या टोलसाठी, हे ओबीयू यंत्र सरकारनेच बसवायला लावलेलं, मी काही हौसेने आणलेलं नाही. शिवाय वायरी सोडवलेल्या असताना कॅमेरा बॅटरी पिणार कुठून? पण हा प्रश्न आपल्याकडच्या फॉर्मवर नाही. पुढचा आहे : गाडी किती चालवता? थोडी, म्हणालो, बायोपोलिसमधलं ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर आहे, गाडी शनिवार-रविवारची. ‘आह, ड्राइव्ह टू लिटल!’ उभ्या गाडीची बॅटरी अर्धवट उतरलेली राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात, हे खरंच आहे. पण माझ्या शेजारी उभा असलेला माणूस भाड्याची गाडी दिवसरात्र हाकतो, त्याला त्याच काउंटरवर ऐकवलं की व्यावसायिक वापराला वॉरंटी नाही, ‘ड्राइव्ह टू मच’. म्हणजे बॅटरी दगावली तर वॉरंटी मिळावी एवढीच गाडी चालवायची, थेंबभर कमी नाही की जास्त नाही. ते पथ्य छापून दिलंत तर फ्रिजवर लावून ठेवीन.

आपल्या स्टिकरवरचा मोठा आकडाही वाचला. सीसीए. उणे 18 अंश तापमानात, व्होल्टेज 7.2 च्या खाली न जाऊ देता, 30 सेकंद किती अँपिअर देईल त्याचं ते माप. थोडक्यात, ऐन बर्फात ही बॅटरी गाडी सुरू करेल याची आपण ग्वाही दिली होती आणि मला ते पटलंही होतं. घिम मोहला बर्फ पडला असता तर कदाचित आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. इथे बारा महिने उकाडा, दुपारी 31-32 अंश, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. तापमान साधारण 10 अंशांनी वाढलं की आतली झीज दुपटीच्या घरात जाते. म्हणूनच ‘सिंगापूर व्हेरी हॉट, अंकल’ हे आपलं वाक्य शंभर टक्के खरं आहे. फक्त ते विकताना बोलायचं होतं. हवामान काही माझ्या खरेदीनंतर बदललेलं नाही.

पावतीचं तर विचारू नका. आपण थर्मल कागदावर पावती दिलीत, मी ती शहाण्यासारखी गाडीच्याच खणात ठेवली आणि व्हेरी हॉट सिंगापूरने तिच्यावरची अक्षरं पुसून टाकली. आपल्याच व्हॉट्सॲपवर आपणच पाठवलेलं बिल दाखवलं तर ‘ओरिजिनल’ हवं. पांढरा कागद ओरिजिनलच होता.

मधल्या काळात गाडी उभी राहिली. आपल्या लेखी ती नुसती उभी. पण या देशात उभ्या गाडीलाही मीटर पडतं. इथे गाडी रस्त्यावर ठेवायचा परवाना, सीओई, 10 वर्षांचा असतो आणि त्याचा भाव अलीकडे लाख डॉलर ओलांडून गेलेला आहे. भागाकार केला तर दिवसाला 27 डॉलर, गाडी हलो न हलो. वर छताखालच्या पार्किंगचे महिना 110. दीड-दोनशे डॉलरच्या डब्यापायी हे सगळं जागच्या जागी जळत राहतं, आणि आपण मला ‘वेट टू वीक्स, सेंड टू सप्लायर’ सांगता.

कायद्याने जायला वाट नाही असं नव्हे. स्मॉल क्लेम्स ट्रिब्युनल आहे, 5000 डॉलरपर्यंतच्या दाव्याला ग्राहकाकडून फी 10 डॉलर, वकील लावायचा नाही. 1971 पासून चालत आलेली ‘केस’ ही ग्राहक संघटना आहे. पण अर्ज करा, कागद जोडा, तारखेला रजा काढा. रजेचा दिवस बॅटरीपेक्षा महाग पडतो. हा हिशेब मला पार्किंगमध्ये उभ्याउभ्या सुचला, तर आपल्याला धंदा सुरू करतानाच सुचला असेल. लबाडी याहून मोठी असती तर मी गेलोही असतो. ती बरोबर तेवढीच ठेवायची, माणूस चिडेल पण रजा काढणार नाही इतकी, हे खरं कसब.

इथल्याच सिम लिम स्क्वेअर या इलेक्ट्रॉनिक्सच्या मॉलमधल्या एका मोबाइलवाल्याला हे जमलं नाही. 2014 मध्ये ट्रिब्युनलने एका गिऱ्हाइकाला 1010 डॉलर परत द्यायला सांगितले, तर पठ्ठ्याने ते चिल्लरीत दिले, 18 किलोंची पिशवी. सगळीकडे बोभाटा झाला, 2015 मध्ये मालक 33 महिने आत गेला आणि 2016 मध्ये असल्या दुकानांना चाप लावायला कायदाही दुरुस्त झाला. आपण त्याच्यापेक्षा हुशार आहात. आपण चिल्लरसुद्धा देत नाही.

आमच्या पुण्यात सगळं आलबेल आहे असा माझा दावा नाही. ग्राहक पंचायत बिंदुमाधव जोशींनी तिथेच 1974 मध्ये सुरू केली, ती काही दुकानदार गोड बोलत होते म्हणून नव्हे. मेव्हण्याच्या बॅटरीला ‘24 अधिक 24’ अशी ऐसपैस वॉरंटी होती. पहिले 24 महिने नगाला नग. पुढचे 24 प्रो-राटा, म्हणजे नव्या बॅटरीवर सूट. बॅटरी तिसऱ्या वर्षात गेली. सूट मिळाली ती छापील किमतीवर; आणि छापील किमतीला तर पुण्यात बॅटरी कुणीच घेत नाही. वॉरंटी नसलेल्याला घासाघीस करून जो भाव मिळाला असता, त्याच्या आसपासच मेव्हणा वॉरंटीसकट पोचला. पण तिथल्या दुकानदाराने निदान स्टूल पुढे केलं, चहा मागवला आणि ‘साहेब, कंपनीच तशी आहे’ म्हणून कंपनीला चार शिव्या घातल्या. फसवणुकीतही माणसाला सोबत लागते. आपल्या काउंटरवर ती सोय नाही.

माझं मागणं फारसं नाही. विकायला जी व्हॅन येते तीच क्लेमला येऊ दे, गाडी जिथे मेली तिथे. बॅटरी रात्रभर ठेवून मग टेस्टर लावा आणि ती चिठ्ठी माझ्या हातात द्या. बदलून दिलीत तर वॉरंटी नव्याने मोजा, उरलेले पाच महिने माझ्या पदरात टाकून पुन्हा सातव्या महिन्याची वाट पाहायला लावू नका. यातलं काहीच ‘कॅन’ नसेल तर व्हॉट्सॲपवर नुसतं ‘कॅनॉट’ लिहा. दोन आठवड्यांचं गाजर नको.

कळावे, लोभ आहेच तो वाढू नये, ही विनंती.

आपला,
घिम मोहच्या पार्किंगमधला अंकल

ता. क. : व्हॅनमधल्या पोराने माझी पहिली, पाच वर्षं इमानाने चाललेली बॅटरी नेली, तेव्हा ना पावती मागितली, ना टेस्टर लावला, ना गाडीत कॅमेरा आहे का विचारलं. मोडीत शिशाला भाव चांगला मिळतो म्हणे. तेव्हा क्लेमचा अर्ज मी मागे घेतो. ही बॅटरी वॉरंटीतली नसून भंगार आहे असं समजा आणि व्हॅन पाठवा. चहा टाकतो.