डबलचं वेळापत्रक

एसटीच्या वाहतूक नियंत्रकाला निवृत्त करता येतं, गप्प बसवता येत नाही. साताऱ्यातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे तात्या तसे. उभी हयात केबिनमध्ये माईक तोंडाशी धरून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल ते सांगण्यात गेली. घरी आल्यावर ना फलाट, ना गाडी. काही महिने त्यांनी सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवर भागवलं. मग नातवाने, ओमने, डेपोमागच्या चहाच्या टपरीखालून कुत्र्याचं पिल्लू उचलून आणलं आणि तात्यांना पुन्हा खातं मिळालं.

दोन महिन्यांचं गावठी पिल्लू, मादी. आणल्या आणल्या तिने अशी काही पळापळ केली, की तात्यांनी नाव ठेवलं डबल. कंडक्टरने दोनदा घंटी मारली की गाडी सुटते, म्हणून.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर तक्ता लागला. रकाने तीन : नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, शेरा. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा. तितके तास ते फार तर कळ काढतं, तेही दैव बरं असेल तर. म्हणून झोपून उठलं की, जेवलं की आणि खेळ थांबला की मागच्या दाराने ठरलेल्या कोपऱ्यात न्यायचं. काम झालं की तिथल्या तिथे खाऊ. घरात येऊन दिला तर तिच्या हिशेबी तो उंबरा ओलांडल्याबद्दलचा. शेऱ्यांची भाषा मात्र खास डेपोची. ‘पहाटे 5.40, वेळेत.’ ‘दुपारी 1.15, मार्गात थांबा, गालिचा. कारण : चिरंजीव प्रशांत मोबाइलवर.’ रात्री अडीचच्या फेरीला ‘रातराणी’ म्हणायचं. ती तात्या स्वतः काढत, मफलर गुंडाळून.

खाऊ म्हणजे पनीर. तात्या माळकरी, त्यामुळे चिकनचा प्रश्नच नव्हता. करंगळीच्या नखाएवढे तुकडे, शर्टाच्या वरच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. शेजारी तुळशीमाळ. खिशाला कायमचा एक तेलकट डाग पडला, पण डबल आठवड्याच्या आत बसायला शिकली. युक्ती साधी आहे. तुकडा नाकाशी धरायचा आणि हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. मान वर जाते तसं बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं रे टेकलं की तुकडा तोंडात. उशीर एखाद्या सेकंदाचा चालतो, त्याहून जास्त नाही. ही वक्तशीरपणाची अट ऐकून तात्या इतके खूश झाले, की आयुष्यात प्रथमच आपल्या तोलामोलाचं कोणी भेटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

वरच्या मजल्यावरच्या पैलवानांनी सल्ला दिला होता, ‘नाक घासा तिचं त्यात. आणि मालक कोण ते दाखवा. लांडग्यांत म्होरक्या असतो.’ तात्यांनी खुर्ची पुढे ओढली. ‘पैलवान, गुन्हा सकाळचा, मेमो संध्याकाळी, तो कशाबद्दल हे तिला कसं कळणार? ती एवढंच शिकेल, की या माणसासमोर करायचं नाही. मग जाईल सोफ्यामागे.’ लांडग्यांचाही निकाल लावला. डॉक्टरांकडून आणलेलं एक पुस्तक त्यांनी अधोरेखित करून वाचलं होतं. म्होरक्याची कल्पना पसरली ती श्केंकेल नावाच्या अभ्यासकाने 1947 साली कोंडलेल्या लांडग्यांबद्दल लिहिलं त्यावरून. पुढे डेव्हिड मीच यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 साली लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं. ‘म्हणजे आमच्यासारखंच,’ तात्या म्हणाले, ‘आणि आमच्याकडे म्होरक्या कोण, हे तुम्हाला ठाऊकच आहे.’ आतून तात्यांच्या आईंचा खाकरण्याचा आवाज आला.

डेपोच्या फाटकावरचं दृश्य मी स्वतः पाहिलंय. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लाला जे दिसेल, ऐकू येईल, ते सहज अंगवळणी पडतं. पुढे नव्याची आधी भीती वाटते. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी याच्या नोंदी करून 1965 साली पुस्तक काढलं. पंचाईत अशी, की तोवर लशींचा क्रम पुरा होत नाही आणि पार्व्होचा विषाणू जमिनीवरून लागतो. म्हणून डबल टॉवेलात गुंडाळलेली, तात्यांच्या खांद्यावर. हॉर्न वाजला, पनीर. ब्रेकची हवा फुस्स झाली, पनीर. जुने कंडक्टर जाता जाता विचारत, ‘तात्या, पार्सल कुठलं?’

आता घरच्यांकडे येतो, कारण खरी धडपड तिथे होती. तात्या म्हणत ‘बस’, सूनबाई ‘सिट’, प्रशांत ‘खाली बस बघू शहाण्यासारखी’. पिल्लाने यातलं कुठलं धरायचं? सगळ्यांना मेमो निघाले. ओमला वेगळा : पायजमा चावू लागली की ओरडायचं नाही, पळायचं नाही. पाठ फिरवून खांबासारखं उभं राहायचं, खेळ बंद. ओरडणं-पळणं तिला खेळच वाटतो. ओम सुधारला. प्रशांतही वाकला. उरल्या आई.

वय पंच्याऐंशीच्या पुढे. जेवताना डबल पायाशी येऊन कुईंकुईं करी आणि पोळीचा तुकडा टेबलाखाली जाई. तात्यांनी फर्मान काढलं, जेवताना कोणी काही देणार नाही. झालं, आवाज दुप्पट. असंच होतं, बंद पडण्याआधी हट्ट एकदा भडकतो. आठ दिवस घर कानात बोटं घालून जेवलं. नवव्या दिवशी टेबलाखाली पोळी गेली. तात्या ताटावरून उठले. ‘आई, आठ दिवस नाही आणि नवव्या दिवशी हो, म्हणजे तू तिला शिकवलंस काय? तर नऊ दिवस ओरड!’

आईंनाही मेमो गेला, लेखी. खुलासा पाठकोऱ्या कागदावर आला : ‘भूक लागली होती. मला नव्हे, तिला.’

भरीस भर, आईंच्या पितळी डब्याचं झाकण. ते खणकलं की डबल कुठूनही धावत येई आणि लाळेचा थेंब फरशीवर. रशियात पाव्हलॉव्ह पचनाचा अभ्यास करत होते, त्यासाठीच त्यांना 1904 चं नोबेल मिळालं. त्यांची कुत्री खाणं आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी लाळ गाळत. तात्यांनी आईंना हे समजावून सांगितलं. आईंनी विचारलं, ‘त्याला बक्षीस मिळालं? मग मला मेमो का?’

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या देशमुखांनी लॅब्रेडॉर आणला आणि ते तात्यांकडे आले. ‘शिकवायला सहा महिन्यांनंतर सुरुवात करतात ना?’

‘सहा महिन्यांनी? फलाट रिकामा असेल हो तोवर. आजपासून.’ तात्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. ‘घरात माणसं किती?’

‘चार.’

‘वयस्कर कोणी?’

‘आई असते.’

तात्यांनी टोपण परत लावलं.