मेमरीविक्रेत्यांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री, गेम-सर्व्हर भाडेपट्ट्याने देणाऱ्या कंपनीच्या साहाय्यविभागाचे अधिपती यांसी, कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपणांकडे गुदरलेली माझी तक्रार आपण ‘निवारण झाले’ असा शेरा मारून परस्पर दफ्तरी दाखल केली, आणि तो शेरा वाळण्यापूर्वीच, मिळालेल्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल अशी पृच्छा करणारी टपालही रवाना केली. त्या तत्परतेने सद्गदित होऊन हे पत्र लिहीत आहे.

प्रकरणाची हकिकत आपल्या दफ्तरात आहेच. परंतु दर पाळीला निराळा माणूस उत्तर देतो, आणि आधीच्याने काय लिहिले ते वाचण्याची चाल आपल्याकडे दिसत नाही, म्हणून ती पुन्हा सांगणे भाग आहे. आमची भाचेमंडळी पुणे, नाशिक, डोंबिवली आणि थेट मेलबर्न अशी विखुरलेली. दिवाळीत माती कालवून किल्ला करावा तर कोणाच्या सदनिकेला अंगण नाही, आणि मेलबर्नच्या भाचीला तर दिवाळीची सुट्टीही नाही. तेव्हा यंदाचा किल्ला माइनक्राफ्टमध्ये बांधावा, सर्वांनी आपापल्या घरून एकाच राजगडावर चिरे चढवावेत, आणि पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तिन्ही माच्या बालेकिल्ल्यासह भाऊबीजेपर्यंत उभ्या कराव्यात, असा ठराव झाला. नुसता माइनक्राफ्ट आजच्या मुलांना अळणी लागत असल्यामुळे, चारशेहून अधिक मॉड एकत्र बांधलेला ‘ऑल द मॉड्स ९’ हा गठ्ठा घ्यावा, अशी उपसूचनाही बहुमताने मंजूर झाली. घरच्या संगणकावरच सर्व्हर मांडावा, तर आमचा इंटरनेटवाला एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून देतो, त्यामुळे बाहेरगावच्या भाच्यांना २५५६५ क्रमांकाच्या पोर्टावरून आत येणे अशक्य. सबब आपल्या दारी येणे प्राप्त झाले. खर्च अर्थातच मामाकडे.

आपल्या जाहिरातीत ‘एका क्लिकात मॉडपॅक’ असे अभिवचन होते. ते खोटे होते असे मी म्हणणार नाही; क्लिक खरोखरच एक होती, तिच्यानंतरचे सारे माझ्याकडे होते. खेळाच्या १.२०.१ या आवृत्तीला जावाची सतरावी आवृत्ती लागते, आपण आठवी बसवून ठेवली होती. थोरल्या भाच्याने, केवळ खेळणाऱ्याच्या पडद्यासाठी असलेला एक मॉड उत्साहाच्या भरात सर्व्हरवरही चढवला, आणि ज्याला पडदाच नाही त्या यंत्राला रंगरंगोटीचा हुकूम मिळाल्यामुळे ते सुरू होता होताच कोसळले. माइनक्राफ्टच्या कर्त्यांनी अशा प्रत्येक अपघाताच्या अहवालाच्या शिरोभागी एखादी विनोदी ओळ छापण्याची व्यवस्था करून ठेवली आहे. क्वचित प्रसंगी त्या ओळीत यंत्र चक्क क्षमा मागते. आपल्या विभागाने अजून तेवढी मजल मारलेली नाही. असो. हे सर्व मी पोटात घातले.

पोटात न जाणारी गोष्ट निराळीच आहे.

तट कमरेएवढा वर आला, पाणचक्क्या फिरू लागल्या, सगळी मंडळी संध्याकाळी एकदम खेळात उतरू लागली, आणि चहूकडून एकच घोष सुरू झाला: “मामा, लॅग होतंय!” फोडलेला चिरा क्षणभर नाहीसा होऊन पुन्हा जागच्या जागी प्रकट होई, दार उघडावे, तर ते भाचा आत जाऊन भिंतीला धडकल्यानंतर उघडे. सर्व्हरचा रोजनामा उघडला, तर त्यात एकच कबुली पानोपानी: मला पुरे पडवत नाही, माझ्यावर भार फार झाला आहे काय, मी चाळीस टिक मागे आहे. आता टिक म्हणजे काय, हे साहाय्यविभागाच्या अधिपतींना सांगावे लागावे हा कालमहिमा, पण सांगतो. हे जग सेकंदाला २० वेळा पुढे सरकते, म्हणजे एकेका टिकच्या वाट्याला ५० मिलिसेकंद येतात. आणि तेवढ्या अवधीत पिकांची वाढ, भट्टीतले लोखंड, मेंढ्यांची पावले, भाच्यांनी जागोजाग टाकलेले सरकते पट्टे आणि मधल्याने एकाच खड्ड्यात पाळलेल्या असंख्य कोंबड्या, या सर्वांचा जमाखर्च पुरा व्हावा लागतो. हा जमाखर्च मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच धाग्यावर, म्हणजे एकामागून एक, चालतो. २००९ साली मार्कुस पर्सन या स्वीडिश गृहस्थाने ज्या खेळाचा एकट्याने श्रीगणेशा केला, त्याचा पिंडच तसा आहे, आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून त्यामागची कंपनी खरेदी केली तरी तो मुळातून पालटलेला नाही. म्हणून असा सर्व्हर भाड्याने घेणाऱ्याने विचारावयाचा पहिला प्रश्न असा, की प्रोसेसर कोणता, त्याचा एकेक कोअर किती वेगवान, आणि त्या यंत्रावर माझ्याखेरीज आणखी किती भाडेकरू कोंबलेले आहेत?

आपल्या दरपत्रकात या प्रश्नाला रकानाच नाही. तेथे ४, ८, १२, १६ एवढेच गिगाबाइटांचे आकडे, आणि त्यांना चढत्या क्रमाने दगड, लोखंड, सोने व हिरा अशा पदव्या. आम्ही सोन्यावर होतो. चारशे मॉडांना मेमरी भरपूर लागते हे मला मान्य आहे, आणि ती भरपूर होती. स्पार्क नावाचा मॉड बसवून मी सर्व्हरची रीतसर तपासणी केली आणि अहवाल आपणांस सादर केला; त्यात मेमरीचा मोठा हिस्सा रिकामा पडलेला आणि एकेका टिकला ५० च्या जागी शंभराहून अधिक मिलिसेकंद लागत असलेले, कोणाही लिहित्या-वाचत्या माणसाला दिसेल इतके स्वच्छ दिसत होते. उत्तर आले: ‘मेमरी वाढवून पाहावी.’ मी त्या रिकाम्या मेमरीकडे लक्ष वेधले. उत्तर आले: ‘आपल्यासारख्या ग्राहकांना आम्ही हिरा योजना सुचवतो.’ मी प्रोसेसरचे नाव विचारले. त्यावर, सौजन्याने ओथंबलेल्या भाषेत, प्रोसेसर ‘उच्च कार्यक्षमतेचा’ असल्याचे कळवण्यात आले. जणू पंगतीला वाढपी एकच, पाने खोळंबली आहेत, पहिल्या पानावरचा भात निवून गेला तरी वरणाचा पत्ता नाही, आणि यजमानाकडे तक्रार न्यावी तर तो हात जोडून म्हणतो, कोठीघर आणखी मोठे बांधून देतो, फक्त त्याचे पैसे आपण भरावेत! आणि मोठे कोठीघर निरुपद्रवी तरी असावे. पण जावाला मधूनमधून काम थांबवून मेमरीतला केरकचरा आवरावा लागतो, आणि तिच्या हवाली केलेला ढीग अवाच्या सवा असला, तर ते थांबणे लांबण्याचा संभव असतो. म्हणजे आपण सांगितलेला उपाय विकत घेऊन दुखणे वाढवण्याची मुभा मला होती.

ती मी घेतली, कारण भाऊबीज तोंडावर आली होती आणि मुलांपुढे मामाचे शहाणपण चालत नाही. आपण आम्हांला हिऱ्यावर चढवले, सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर हलवला, आणि हलवताना जग मागे राहिले. जे परत ठेवले ते कित्येक दिवसांपूर्वीचे होते. कारण मधल्या काळात जगाचे आकारमान आपल्या बॅकअपच्या मर्यादेबाहेर गेले होते, तेव्हापासून बॅकअप निमूटपणे बंद पडला होता, आणि ही वार्ता कोणाला कळवण्याचा रिवाज आपल्याकडे नाही. जुन्या यंत्रावरची जागा तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिली गेली होती. पद्मावती माची वाचली, संजीवनी अर्धी वाचली. सुवेळा गेली.

सुवेळा मेलबर्नची भाची बांधत होती. तिची शाळा सुटते तेव्हा इथे सकाळचे दहा वाजलेले असतात, बाकीची भावंडे फराळात आणि फटाक्यांत असतात. ती एकटीच येई. तिने राजगड पाहिलेला नाही. छायाचित्रे समोर ठेवून, चिरे मोजून, तिने माचीचा तो लांब सोंडेसारखा कणा ओढला होता आणि त्यातले नेढेही कोरले होते, आणि ते आरपार दिसते की नाही हे पाहायला रोज मला बोलवत होती. ते तुम्ही पुसलेत. पुसलेत, आणि त्याचे पैसे घेतलेत! तिला काय सांगू? करारनाम्यातले कलम वाचून दाखवू, ज्यात माहितीच्या हानीस कंपनी जबाबदार नाही असे छापले आहे? ते कलम तुम्ही मला पाठवलेत, दोनदा पाठवलेत, आणि दुसऱ्या वेळी त्याच्याखाली बॅकअपची जादा जागा विकत घेण्याचा दुवा जोडलात. लाज कशाला म्हणतात ते तुमच्या कोणत्या योजनेत येते, दगडात की हिऱ्यात?

त्या रात्री उत्तर देणाऱ्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. त्याच्या पहिल्या पत्राचा मायना ‘प्रिय ग्राहकाचे नाव येथे’ असा आला होता. साच्यातली मोकळी जागा भरण्याइतकाही अवसर त्या बिचाऱ्याला उरला नव्हता. मी चार शब्द कठोर लिहिले. त्यावर बराच वेळ काहीच आले नाही, आणि मग साच्याबाहेरचे एक वाक्य आले, की अडचण मेमरीची नव्हतीच, त्या यंत्रावर गर्दी फार होती. कोणत्या नावाने आले ते मी सांगणार नाही. आपल्याकडची सारी नावे एकाच घराण्यातली वाटतात, त्यामुळे आपणांसही शोधून सापडणार नाही. किती जणांच्या कोसळलेल्या जगांना तो एकटा त्या रात्री पुरा पडत होता कोण जाणे. त्याला पाचही तारे दिले आहेत, कारण ते कोठेतरी त्याच्या पगाराला चिकटवलेले असावेत अशी माझी शंका आहे. त्याच्या जोडीला दुसरा माणूस द्यावा. त्याला सोळा गिगाबाइट देऊ नयेत.

आमचा मुक्काम महिनाअखेर हलत आहे. नव्या जागेच्या मालकाला प्रथम प्रोसेसरचे नाव विचारले. त्याने ते एका ओळीत सांगितले, आणि मला इतके गहिवरून आले की भाड्याची घासाघीस करण्याचे राहूनच गेले. जगाचा फोल्डर, उरला तेवढा, पूर्णपणे उतरवून घेतला आहे. तरी आपण उरलेल्या मुदतीचे भाडे परत करावे, आणि ज्या भाडेकरूंचे बॅकअप मुकाट्याने बंद पडले असतील त्यांना, निदान त्यांचे किल्ले पुरे होण्यापूर्वी, एका ओळीची नोटीस पाठवावी. सोळा गिगाबाइटही परत घ्यावेत. त्यांतले बहुतेक उघडलेलेसुद्धा नाहीत. पुढच्या गिऱ्हाइकाला नवे म्हणून खुशाल विकावेत.

कळावे,
आपला, लवकरच माजी होणारा भाडेकरू