वरून कीर्तन, आतून रिब

मोटारीच्या पृष्ठभागांतही वर्णव्यवस्था आहे. गिऱ्हाइकाच्या नजरेत भरतो तो क्लास ए. दार उघडल्यावर किंवा मान वाकडी केल्यावर दिसतो तो बी. आणि फक्त मेकॅनिकला आणि उंदराला दिसतो तो सी.

ए वर्गाचे लाड बघावेत. हिंजवडीत एसीत बसलेला पोरगा बॉनेटच्या एका वळणासाठी दिवसचे दिवस घालवतो. स्क्रीनवर त्या पत्र्यावरून काळे-पांढरे झेब्रा पट्टे फिरवतो. पट्टा सांध्यावर तुटला, तर नुसते काठ जुळलेत. जुळला पण तिथेच कोपरा मारला, तर दिशा जुळली, वक्रता नाही. सळसळत पुढे गेला, तरच साहेब मान हलवतात.

या वक्रांमागच्या गणिताचंही तेच. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी ते १९५९ मध्ये मांडलं आणि कंपनीनं कुलपात ठेवलं. रेनोच्या पिएर बेझिए यांचं काम छापून आलं. आज जगभर हे वक्र बेझिएंच्या नावानं ओळखतात. दिसेल त्याचंच नाव होतं, हे गणितानंही मान्य केलं म्हणायचं.

आता दाराच्या आतल्या बाजूचा एखादा प्लॅस्टिकचा डोअर पॅड काढून उलटा करा. रिब म्हणजे पातळ उभ्या पट्ट्या, क्लिपांची घरं, पॅड साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पॅडला ताठपणा त्या रिबांमुळेच येतो. पण घाईगर्दीत रिब जाड ठेवली, पॅडच्या जाडीच्या निम्म्याहून बरीच जास्त, की तिच्या बुडाशी प्लॅस्टिकचा साठा होतो. तो उशिरा थंड होतो, आकसतो आणि पुढच्या गुळगुळीत बाजूला खळगी पडते. तिला म्हणतात सिंक मार्क. मग ए-वाले रिबवाल्यांकडे बोट दाखवतात, रिबवाले साचा बनवणाऱ्या टूलरूमकडे, आणि मीटिंगला चहा येतो.

गिऱ्हाईकही काही कमी नाही. डिलिव्हरीच्या दिवशी पॅनलमधली फट नखानं चाचपायची, चाकाखाली लिंबू ठेवायचं, दार लावून ‘धप्प’ ऐकायचं आणि म्हणायचं, “पत्रा बघा काय दणकट!” त्या धप्पमध्ये दाराच्या रबराचा, लॉकचा आणि पत्र्याला आतून चिकटवलेल्या डांबरी पॅडचा वाटा मोठा. पत्र्याची कीर्ती फुकटची.

२०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरनं ठोकून पाहिल्या. पाचही जणींना शून्य तारे. तिघींचा तर सांगाडाच कच्चा निघाला. रंगकामाला तारे द्यायची पद्धत नाही, नाहीतर निकाल बरा लागला असता.

गंजाची गंमत याहून न्यारी. दाराचा बाहेरचा पत्रा खालच्या कडेला आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. काचेवरून आत उतरलेलं पाणी तळाच्या छिद्रांतून निघून जावं अशी सोय असते. छिद्रं चिखलानं बुजली, की पाणी त्या दुमडीत मुक्काम ठोकतं. कोकणात चार पावसाळे काढलेल्या गाडीच्या रंगाला तिथे फोड येतो, तोवर आतून पोखरून झालेलं असतं. डीलर मात्र रंगावर टेफ्लॉन कोटिंग मारून देतो, वरून, हजारांत. ती छिद्रं मोकळी करायला खराट्याची एक काडी पुरते. काडीचं पॅकेज अजून कुठल्या शोरूमनं काढलेलं ऐकलं नाही.